पत्रेवालीच्या भिंतीवरून तार

तिचं खरं नाव होतं शाळेच्या दाखल्यावर आणि विजेच्या बिलावर. बाकी जगाला ती वेणी. खुणेनं सांगायचं तर मूठ मानेमागून पुढे आणायची आणि खांद्यावरून छातीपर्यंत खाली ओढायची, की झाली वेणी. आई बहिरी, वडीलही बहिरे, घरात येणारी-जाणारी माणसंही बहुतेक बहिरी. त्यांनीच हे नाव पाडलं. तेव्हा ती वेणीचं टोक चघळत दारात बसणारी पोर होती. आता केस कानाच्या वर कापलेले, त्यातले निम्मे पांढरे, वय पन्नाशीकडे झुकलेलं. पण खुणेतलं नाव कात्रीनं कापत नाही. बोलती माणसंही मग तिला वेणीताई म्हणू लागली.

काम दुभाष्याचं. समोरच्या खोलीत भिंतीला निळं कापड, त्याच्यापुढे खुर्ची, डोळ्यांत घुसणारा दिवा आणि कॉम्प्युटर. पडद्याच्या एका चौकोनात डॉक्टर, नाहीतर बँकेचा माणूस, नाहीतर शाळेतली बाई. दुसऱ्या चौकोनात बहिरा माणूस. कानानं घ्यायचं आणि हातानं द्यायचं, परत हाताचं डोळ्यानं घ्यायचं आणि तोंडानं द्यायचं. मधल्या मधे स्वतःकडे काही ठेवून घ्यायचं नाही आणि पदरचं काही घालायचं नाही. डॉक्टर 'मी' म्हणाला की तिनंही 'मी'च म्हणायचं. शिवी आली तर शिवी द्यायची. या कामाचा नियमच तसा, आणि वेणीनं तो जन्मभर पाळला. लहानपणी घरमालक वडिलांना जे जे बोलायचा ते ते तिनं सहा वर्षांची असताना हातांनी वडिलांपर्यंत पोचवलं होतं. त्या वयातच पोर पिकली.

हे सगळं चालायचं एका काळ्या तारेवर. तार खांबावरून निघायची, चिंचेच्या फांद्यांतून घुसमटत यायची आणि खिडकीच्या भोकातून आत शिरायची. गल्लीतल्या सगळ्या घरांना हीच तार, हीच कंपनी. गावात एकच विहीर असली की तिला कुणी नाव देत नाही, तसं लोक हिला नुसतं 'कंपनी' म्हणायचे. दुसरी मिळत नव्हती. गल्ली वसवली तेव्हा कुणीतरी कुणाशीतरी काहीतरी ठरवलं होतं, आणि ठरवणारे केव्हाच मरून गेले होते.

वारा सुटला की चित्र गोठायचं. संध्याकाळी पोरं खेळून घरी आली आणि जो तो आपापल्या पडद्यापुढे बसला, तरी गोठायचं. कधी काहीच कारण नसताना गोठायचं. तोंडानं बोलणाऱ्यांचं निभतं. चित्र थांबलं तरी आवाज रडतखडत पोचतो. हातानं बोलणाऱ्याचं चित्र थांबलं की जीभच पकडल्यासारखं होतं. वेणीचे हात इकडे बोलत राहायचे आणि तिकडे त्या माणसाला दिसायचा हवेत अडकलेला एक पंजा.

असंच एकदा अंगाशी आलं. एक म्हातारा बहिरा सुतार आणि त्याचा डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, "या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत." आता आपल्या बोलण्यात नकार जसा शेपटीला असतो तसाच तो तिच्या खुणांतही शेपटीलाच. गोळ्या, पोट रिकामं, घ्यायच्या, आणि मग मान नि हात दोन्ही हलवून: नाही. वेणीनं सगळं बिनचूक सांगितलं. पण चित्र गोठलं ते 'घ्यायच्या'वर. पुन्हा हललं तेव्हा तिचे हात मांडीवर आले होते. "कळलं का?" तिनं विचारलं. सुतारानं आनंदानं मान डोलावली. कळलंच होतं त्याला! रोज उठल्या उठल्या रिकाम्या पोटी गोळ्या गिळून तो माणूस पोट धरून बसला आणि त्याच्या मुलीनं वेणीला काम देणाऱ्या केंद्राकडे तक्रार केली.

तेव्हापासून वेणीनं नकार पुढे आणला. नाही! गोळ्या, रिकामं पोट. नाही! उद्या, बँक, उघडी. व्याकरणाची पार वाट लागली. एका बहिऱ्या बाईनं तर तिला विचारलं, "तू सांगायला बसलीस की भांडायला?" सवय इतकी अंगात मुरली की दूधवाला दारात आला तरी तिच्या तोंडून आधी "नाही" निघायचं, आणि मग त्याला काय हवंय ते ती ऐकायची.

केंद्रावरच्या मॅडमनी फोन केला. मॅडम माणूस म्हणून चांगल्या. वाईट बातमी देताना त्यांचा आवाज आणखी मऊ व्हायचा.

"वेणीताई, तुमच्या कामाबद्दल माझा एक शब्द नाही हं. लाइनीबद्दल आहे."

"लाइन माझ्या हातात असती तर मॅडम, मी ती तुपात ठेवली असती."

"मला कळतं हो. पण वरून ठरलंय. या महिन्यानंतर ज्यांची लाइन चाचणीत बसणार नाही त्यांना घरून काम नाही. मग तुम्ही इथे येऊन बसा ना. वेगळी खोली आहे, गार हवा आहे, चहा जागेवर मिळतो."

"आणि आई?"

मॅडमनाही आईचं माहीत होतं.

आईच्या उजव्या अंगावरून दोन वर्षांपूर्वी वारं गेलं. बोलत्या माणसाचा अशा वेळी हात जातो, हिचं अर्धं तोंडच गेलं. घर म्हणायचं तर दोन्ही तळवे टोकांना टेकवून छप्पर करायचं असतं. आईचा एकटा डावा तळवा हवेत तिरका उभा राहायचा. अर्धं छप्पर. उरलेलं अर्धं वेणीनं आपल्या मनात उभारायचं. 'भूक' आणि 'राग' या खुणा आता एकसारख्याच दिसायच्या, भुवयांवरून ओळखायच्या. ही भाषा जगात दोघींनाच यायची. मध्यंतरी एक कामाची बाई ठेवून पाहिली होती. आईनं खिडकी लावायला सांगितली की ती बेडपॅन घेऊन यायची. तिसऱ्या दिवशी आईनं पाण्याचा पेला भिंतीवर फेकला, तेव्हा मात्र बाईला अर्थ बरोबर कळला आणि ती गेली.

दादा दुसऱ्या शहरात होता. फोनवरून शहाणपणा पाठवायचा.

"अगं, नवीन राऊटर घे. चांगला घे. त्या शिंगांचा."

"घेतला दादा. आता चार शिंगांचा डबा शांतपणे बंद पडतो."

"मग कंपनी बदल."

"कुठली घेऊ? तुझ्याकडची पोस्टानं पाठव."

"चिडतेस कशाला? मी म्हणतोय, आईसाठी ती संस्था बघून ठेवलीय मी. स्वच्छ आहे, बाग आहे, डॉक्टर रोज येतात."

"तिथं तिच्याशी बोलणार कोण?"

"शिकतील की ते. खुणाच तर आहेत."

दादाच्या स्वतःच्या हातांना गंज चढला होता. गेल्या खेपेला आईला 'काळजी करू नकोस' सांगायला गेला आणि 'कपडे वाळले नाहीत' असं सांगून आला. आईनं खिडकीबाहेर दोरीकडे पाहिलं होतं.

कंपनीच्या मदतकेंद्रात फोन केला की आधी गाणं लागायचं. मग एक मुलगी विचारायची, "राऊटर बंद करून चालू केलात का मॅडम?"

"केला. घरातलं सगळं बंद करून चालू केलं. आता मीच राहिलेय."

"आमच्याकडे तुमची लाइन हिरवी दिसतेय."

"माझ्याकडेही हिरवीच दिसते हो. चित्र हलत नाही."

"हिरवी असेल तर तक्रार घेता येत नाही, मॅडम. लाल झाली की फोन करा."

"लाल झाल्यावर फोनही लागत नाही. त्याच तारेवर आहे."

मुलीनं कागदावर लिहिलेलं असावं ते वाचलं: "तुमच्या संयमाबद्दल आभारी आहोत."

आठवडाभर लकडा लावल्यावर कंपनीचा वायरमन आला. खांबावर चढला, उतरला, हात झटकले. "तार म्हातारी झालीय ताई. वरूनच बदलायला पाहिजे."

"मग बदला की."

"वरून म्हणजे खांबावरून नाही. वरून म्हणजे साहेबांकडून."

मोबाइलवरून चालवून पाहिलं. घरात सिग्नल मिळायचा तो फक्त न्हाणीच्या झरोक्यापाशी. वेणीनं तिथं बादली पालथी घातली, नळाला निळं कापड बांधलं आणि बसली. पहिल्याच कॉलला कापड सुटलं. समोरचा बहिरा मुलगा नोकरीच्या मुलाखतीला बसला होता, तो हातांनी म्हणाला, "बाई, तुमच्या मागे आंघोळीचा मग लटकतोय." आणि नियमाप्रमाणे हे तिला मोठ्यानं, मुलाखत घेणाऱ्या साहेबालाही सांगावं लागलं.

शेवटी मागच्या रस्त्यावरची दुसरी कंपनी कुणीतरी सुचवली. तिथं काचेची तार, फायबर, आली होती. त्यांचा माणूस येऊन गच्चीवर उभा राहिला, डोळ्यांवर हात धरून मागे बघू लागला आणि एकदम म्हणाला, "अहो ताई, हाकेच्या अंतरावर आहे! तो बघा, त्या पत्र्याच्या घराच्या भिंतीवर आमचा डबा. त्यांच्या अंगणातून तार ओढली, मधली भिंत ओलांडली, की तुमच्या स्वयंपाकघरात. एका दुपारचं काम. त्या बाईंनी फक्त हो म्हणायला हवं."

वेणीनं डोळे मिटले. सगळ्या शहरात डबा लावायला त्यांना तेवढीच भिंत सापडली होती.

पत्र्याच्या घरातल्या बाईचं आईनं ठेवलेलं नाव पत्रेवाली. तळहात लाटेसारखा वरखाली करत पुढे न्यायचा आणि शेवटी तोंड कडू करायचं. नाव पत्र्याचं, कडू तोंड आईच्या पदरचं. दोघींचा बारा-पंधरा वर्षांचा अबोला होता. जन्मजात बहिऱ्या बाईचा अबोला कसा असतो, असं कुणी विचारील. तर ती डोळे मिटते. पत्रेवाली भिंतीपलीकडे कपडे वाळत घालायला आली की आई उन्हात बसल्या जागी डोळे घट्ट मिटून घ्यायची आणि ती आत गेल्यावर दारच्या हादऱ्यानं उघडायची. कुठल्याही बोलत्या माणसाला इतका पक्का अबोला जमणार नाही. कान कुणाला मिटता येतात?

कारण म्हणाल तर पावसाचं पाणी. पत्रेवालीच्या छपराचं पाणी यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत मुरायचं. आई एकदा भिंतीपाशी जाऊन हातवारे करून सांगायला गेली. वेणी तेव्हा बाहेर कामाला जायची. काय झालं ते कुणीच पाहिलं नाही, पण संध्याकाळी ती घरी आली तेव्हा इकडे आई डोळे घट्ट मिटून बसली होती आणि तिकडून पत्रेवाली सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडत होती, "वेडी म्हणते मला! मला!"

अडला हरी, तसं झालं. वेणी वळसा घालून मागच्या रस्त्याला गेली. पत्रेवाली दारात बसून नखं काढत होती. सत्तरी ओलांडलेली, आवाज मात्र अजून चाळिशीतला.

"काकू, जरा काम होतं."

"काम असल्याशिवाय तू कशाला येशील? बस."

वेणीनं तारेचं सांगितलं. नोकरीचं सांगितलं. संस्थेचंही सांगितलं, ते सांगायचं नाही असं ठरवून निघाली होती.

पत्रेवालीनं नखं फुंकरून टाकली. "तुझ्याशी माझं काही वाकडं नाही, पोरी. तू लहान होतीस तेव्हापासून बघतेय, सगळ्या घराचं तोंड तूच. पण तार तुझ्या आईच्या घरात जाणार ना?"

"हो."

"मग तिनं मागावी. डोळे उघडे ठेवून. मला बघितलं की मिटून घेते, जशी काही मी भूतच आहे. एवढं माझ्याकडे बघून मागू दे, मी नाही म्हणणार नाही."

आईला हे सांगितलं तेव्हा तिनं डाव्या हातानं हवा कापली. मागणार नाही.

"अगं, नुसतं बघायचंय तिच्याकडे."

'ती पाठ फिरवते.'

"केव्हा फिरवली? पंधरा वर्षांपूर्वी?"

'मी बोलत होते. तिनं पाठ फिरवली.'

बहिऱ्या माणसाशी भांडताना त्याच्या अंगावर धावून जा, ते चालतं. तो बोलत असताना पाठ फिरवू नये. ते तोंडावर थुंकण्यासारखं आहे. वेणीला हे कुणी सांगायला नको होतं. तिनं विषय सोडला.

दादाचा फोन आला. संस्थेत जागा रिकामी झाली होती. लवकर सांगायचं होतं. रिकामी कशी झाली ते दादानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बहिरी बाळंतीण आणि तिची नर्स यांच्या मधोमध चित्र गोठलं. पुन्हा लावलं, पुन्हा गोठलं. तिसऱ्यांदा नर्सच म्हणाली, "राहू द्या, आम्ही कागदावर लिहून दाखवतो." त्या बाईला वाचता येत नव्हतं. ते सांगायच्या आत नर्सचा चौकोनही गेला.

वेणी उठली नाही. राऊटर बंद करून चालू केला नाही. हात मांडीवर ठेवून काळ्या पडद्यापुढे बसून राहिली. थोड्या वेळानं आतून काठीचा टणत्कार झाला. आई खाटेच्या लोखंडावर काठी मारून बोलवायची. वेणी आत गेली. आईनं विचारलं, चहा? वेणीनं चहा केला. आईनं विचारलं, काय झालं? वेणीनं कप तिच्या डाव्या हातात दिला. आईनं पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. वेणीचे हात उचलेचनात. राग नव्हता, रुसवा नव्हता. उचलायचं त्राणच उरलं नव्हतं. खाटेच्या कडेला ती बसली, आणि दोन्ही हात बाजूला पडले, पिळून ठेवलेल्या फडक्यांसारखे.

ते हात गप्प झाले की आईच्या जगात दुसरं काही वाजत नसे. ती बराच वेळ त्या हातांकडे पाहत राहिली. चहा तसाच निवला. मग तिनं कप खाली ठेवला आणि वेणीच्या गुडघ्यावर थाप मारली.

'चाकाची खुर्ची काढ.'

"कुठं?"

आईनं तळहात लाटेसारखा पुढे नेला. तोंड कडू केलं.

मागच्या अंगणात खुर्ची भिंतीला लावून उभी केली. भिंत छातीइतकी; बसलेल्या आईचं डोकं तेवढं वर दिसत होतं. वेणीनं हाक मारली. पत्रेवाली हात पुसत आली, आणि आईकडे बघत राहिली. आईनं डोळे उघडेच ठेवले होते. पापणी लवली तर हार होईल अशा हट्टानं.

"बाई गं," पत्रेवाली पुटपुटली, "किती वाळली ही."

आईचा डावा हात उठला. भिंतीवर थापटला. पत्र्याकडे गेला. बोटं पावसासारखी खाली आली, भिंतीत शिरली, आणि बोटं आपसांत चोळून तिनं ओला चुना दाखवला. मग तो हात पत्रेवालीच्या छातीकडे वळला आणि मग परत भिंतीकडे. तारेचा त्यात 'त' नव्हता.

"काय म्हणते?" पत्रेवालीनं विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा वेणीनं मधल्या मधे माल बदलला. "म्हणते, झालं गेलं विसरून जा, आणि तारेला हो म्हण."

पत्रेवालीनं कमरेवर हात ठेवले. "एवढा हात नाचवला, पत्र्याकडे बोट केलं, भिंत बडवली, आणि अर्थ काय, तर विसरून जा? मी काय कुक्कुलं बाळ आहे? डॉक्टरचं पण असंच सांगतेस होय गं लोकांना? आपल्या सोयीचं?"

हे वर्मी लागलं. वेणीची पाठ आपोआप ताठ झाली, कामाला बसताना व्हायची तशी. तिनं चेहरा पुसल्यासारखा कोरा केला आणि कामाच्या आवाजात सांगितलं, "मी म्हणते, तुझ्या पत्र्याचं पाणी अजून माझ्या भिंतीत मुरतंय. माझा चुना अजून पडतोय. मी मरायला टेकले तरी तू पन्हळ लावली नाहीस."

"तू मला अगंतुगं करतेस?"

"मी नाही काकू, आई करते. मी म्हणजे आई."

"मग तू कोण?"

"मी नाहीच आहे इथं. तुम्ही तिच्याकडे बघून बोला."

पत्रेवाली आईकडे वळली. वळली ती जी सुटली! चुना तुमचाच कच्चा, माझ्या पत्र्याला काय बोलता. पन्हळ लावली असती, पण जी बाई मला वेडी म्हणते तिच्यासाठी मी पन्हळ लावू? वेणीचे हात धावत होते. आईचा डावा हात मधेच तोडून उत्तर देत होता, आणि त्या घाईत आईनं बोट कपाळाच्या कडेला लावून फिरवलं.

"हेच! हेच केलं होतं तिनं!" पत्रेवाली किंचाळली. "बघ, तुझ्यासमोर! वेडी म्हणते!"

"वेडी नाही काकू. ही खूण 'विचार कर'ची आहे. डोक्यात फिरव, असं."

पत्रेवाली थबकली. पंधरा वर्षांचा राग असा पायाखालून ओढला गेला तर माणसानं उभं कशावर राहायचं? पण ती जुनी बाई होती, लगेच सावरली. "विचार कर? म्हणजे मला विचार नाही, असंच ना?"

वेणीनं विचारलं. आईनं मान डोलावली. त्याचा अनुवाद लागला नाही.

'मी सांगत होते आणि तू पाठ फिरवलीस,' आई म्हणाली. वेणीनं सांगितलं.

"अगं, माझं दूध उतू जात होतं गॅसवर! थांब म्हणून ओरडून सांगितलं की मी हिला! चांगलं घसा फुटेस्तोवर ओरडून!"

वेणीनं ते दिलं: दूध, उतू, ओरडले, मोठ्यानं, फार मोठ्यानं.

आई चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाली, 'मला ऐकू आलं नाही.'

वेणीनं तेही तसंच, कोऱ्या आवाजात पोचवलं. पत्रेवालीनं पदर तोंडाला लावला. हसली की काय, ते पदराआड राहिलं.

"त्या माणसाला बोलव," ती शेवटी म्हणाली. "तार टाकू दे. पण माझ्या पत्र्याला खिळा मारायचा नाही, सांगून ठेवते."

'मारू दे,' आई म्हणाली. 'एवीतेवी चाळणच आहे.'

"आणि पन्हळ मी लावणार नाही! पाण्याचं नाव काढायचं नाही."

'काढणार.'

वेणीनं दोन्हीकडचं दोन्हीकडे दिलं.

तार आली, एका दुपारी, पत्र्याखालून, भिंतीवरून, स्वयंपाकघरातून. चाचणी झाली. मॅडमचा आवाज पहिल्यांदाच कडक आणि आनंदी आला: "वेणीताई, केंद्रातल्यापेक्षा तुमची लाइन चांगली आहे हो! आता अवघड कॉल तुम्हालाच देते." दादा म्हणाला, "बघ, झालं ना? उगाच डोक्याला ताप करून घेतला होतास." संस्थेतली जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली.

चित्र आता गोठत नाही. वारा सुटो, पोरं खेळून घरी येवोत, चित्र पाण्यासारखं वाहतं. पूर्वी गोठलं की वेणीच्या हातांना दम खायला मिळायचा. ते तेव्हा कळलं नव्हतं. आता दम नाही. परवा एका डॉक्टरनं एका बहिऱ्या जोडप्याला त्यांच्या मुलाचं सांगितलं. जुन्या तारेवर ते वाक्य कुठंतरी फांद्यांत अडकलं असतं, थोडं तरी उशिरा पोचलं असतं. या तारेवर ते सरळ गेलं, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि त्या बाईचा चेहरा बदलताना वेणीला स्वच्छ दिसला. नियमाप्रमाणे तिनं पदरचं काही घातलं नाही.

कॉल संपला आणि मागून पत्रा वाजला. पत्रेवाली बांबूनं पत्रा ठोकून वेणीला बोलवते. दुपारचं आवरलं की तिला भांडायचं असतं. आई आधीच मागच्या भिंतीपाशी खुर्चीवर तयार.

वेणी मागच्या पायरीवर आली. मनगटं ठणकत होती. बादलीत कोमट पाणी घेऊन तिनं कोपरापर्यंत हात बुडवले.

"काय म्हणते गं ती?" पत्रेवालीनं भिंतीवरून मान काढली.

"आज तुमचं तुम्ही बघा काकू. माझे हात पाण्यात आहेत."

"असं कसं? मला काय कळणार?"

"तिलाही कळत नाहीये. बघा."

पत्रेवालीनं जरा वाट पाहिली. मग कपाळाच्या कडेला बोट लावून तिनं ते जोरजोरात फिरवलं. एवढी एकच खूण तिला येत होती. आईनं डोळे बारीक करून नीट पाहिलं आणि डाव्या हातानं भिंतीवर दोनदा थापटलं.

समोरच्या खोलीत पुढच्या कॉलची घंटा वाजू लागली. वेणीनं हात पाण्यातून काढले, पदराला पुसले, आणि निळ्या कापडापुढे जाऊन बसली.